हाताची घडी, पायांचा डिफेन्स

२ फेब्रुवारी

बास्केटबॉलचे नवे नियम आले. कोच मॅडमनी जिमच्या दारातच उभं करून वाचून दाखवले. बॉल घेऊन येणारीच्या अंगावर हात ठेवला, फाऊल. दोन्ही हात लावले, फाऊल. कोपर आडवं धरून तिला थोपवलं, फाऊल. एकदा हात लावून काढला आणि पुन्हा लावला, तरी फाऊल. पाच झाले की बाहेर, ते पहिल्यासारखंच. आतापर्यंत यातलं बरंचसं खपून जायचं. आता पंच डोळ्यांत तेल घालून बघणार.

मुलींची तोंडं उतरली. मला मात्र आनंद झाला. नियम कडक झाले की दुबळ्यांना न्याय मिळतो, हे कायद्याच्या पहिल्याच तासाला मी वहीत लिहून घेतलं आहे. बारीक चणीच्या मुलींनी किती धक्के खायचे? मी कॅप्टन, शिवाय टीममधली सगळ्यात चांगली डिफेंडर. मला ‘भिंत’ म्हणतात. भिंतीला हात नसतात. तेव्हा मला काहीच बदलावं लागणार नाही.

३ फेब्रुवारी

प्रॅक्टिसनंतर मुलींना थांबवून चार शब्द बोलले. नियम शिट्टीत नसतो, मनात असतो. पूर्वी फाऊल करणारी स्वतःहून हात वर करायची, तशी पद्धतच होती. ती आपण पुन्हा सुरू करायची. शिट्टी वाजली की जिचा फाऊल तिचा हात वर. पंचांनी बघितलेलं असो वा नसो.

मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. सगळ्या खिदळल्या. एक चिमणी तेवढी हसली नाही. चिमणी म्हणजे यंदा पहिल्या वर्षाला आलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी मुलगी. माझ्या जागेवरची राखीव. तिने विचारलं, ताई, फाऊल आपला की दुसरीचा हे आपल्यालाच कळलं नाही तर? मी म्हटलं, आतून कळतं. तिने गंभीरपणे मान हलवली. बाकीच्यांनीही शेवटी होकार दिला. बस सुटायची वेळ झाली होती, पण मला वाटतं विचार पटला.

घरी सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणाले, पाच चुका होईपर्यंत खेळू देतात? आमच्याकडे पहिल्याच चुकीला माणूस खाली जातो. पण हात वर करण्याची गोष्ट त्यांना फार आवडली. घरात पदवी येतेय ती उगाच नाही, म्हणाले.

९ फेब्रुवारी

शेजारच्या कॉलेजशी सरावाची मॅच. पाच फाऊल. दुसऱ्या क्वार्टरमध्येच बाहेर.

पंच नवखे. नव्या नियमांचा उत्साह नको तितका. पहिल्या दोन फाऊलांत तर त्या मुलीची कंबर माझ्या हाताला लागली, माझा हात तिच्या कमरेला नाही. तिसरा मला मान्य आहे, अंशतः.

माझ्या जागी चिमणी गेली. तिने एकही फाऊल केला नाही. पण तो काही डिफेन्स नव्हे. नुसती त्या मुलीच्या पुढे पुढे नाचत होती. ती मुलगी नंतर एकही बास्केट करू शकली नाही, ते दमल्यामुळे. तिला दमवलं मी.

११ फेब्रुवारी

कोच मॅडमचा नवा व्यायाम. हाताची घडी घालायची आणि बॉलवालीच्या समोर पाय सरकवत राहायचं. मी सांगायला गेले की माझा डिफेन्स मुळातच पायांचा आहे. त्या म्हणाल्या, हाताची घडी, तोंडावर बोट.

हाताची घडी घालून मी पहिल्याच वळणाला पडले. दुसऱ्या वळणाला समोरची मुलगी कुठे गेली ते दिसलंच नाही. मॅडम म्हणाल्या, तू अंधारात भिंत चाचपावी तसा डिफेन्स करतेस गं. हात लागला तरच तुला कळतं समोर कोणी आहे. हे अतिशयोक्त आहे. बूट झिजलेत.

उद्यापासून घरी रोज सकाळी अर्धा तास पाय सरकवणे.

१२ फेब्रुवारी

उशिरा उठले. उद्यापासून.

१५ फेब्रुवारी

बसच्या रांगेत पुढच्या बाई वळून म्हणाल्या, अहो, मी कुठे पळून जात नाहीये, हात काढा की. बघते तर माझा हात त्यांच्या पाठीवर. गर्दी होती. म्हणजे चार माणसं होती.

आईला हसत हसत सांगितलं. आई घरी कपडे दुरुस्तीची कामं घेते. तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाली, तुला आज कळलं? दारातून जाताना मला ढकलत नेतेस. भावाशी बोलताना त्याची बाही धरतेस. पाहुण्यांना तर खुर्चीत दाबून बसवतेस. त्यावर भाऊ म्हणाला, ताईच्या समोरून स्वयंपाकघरात जायचं तरी दोन धक्के बसतात, फ्री थ्रो मात्र एकही मिळत नाही.

घरच्यांना खेळातलं कळत नाही.

१९ फेब्रुवारी

स्पर्धेची पहिली मॅच. जिंकलो. माझे पाच फाऊल, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये. ही प्रगती आहे.

नियमांनी खेळाचं काय झालंय ते आज नीट दिसलं. बॉलवालीच्या जवळ जायलाच सगळ्या घाबरतात. हात लावायचा नाही म्हटल्यावर ती मान खाली घालून सरळ बास्केटखाली घुसते. अडवलं तर शिट्टी, नाही अडवलं तर बास्केट. पूर्वी चाळीस पॉइंटांत संपणाऱ्या मॅचेस आता सत्तरीला जातात आणि अर्धा वेळ सगळ्या रेषेवर उभ्या राहून फाऊलबद्दल मिळालेले फ्री थ्रो बघतात. बाबा बघायला आले होते. म्हणाले, दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं. नंबर पुकारतात, एकजण उठतो, परत सगळे गप्प.

मॅडमनी झोन लावला. म्हणजे माणूस नाही, आपापला तुकडा राखायचा. मला माझा तुकडा राखता आला. त्यात आलेल्या मुली राखता आल्या नाहीत.

चिमणीने दोनदा हात वर केला. एकदा तर पंच दुसऱ्याच मुलीचा नंबर दाखवत होते, हिने आपणहून जाऊन सांगितलं, सर, माझा. पंच बघतच राहिले. मॅडमनी विचारलं, हे कोणी शिकवलं तुला? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मला भरून आलं.

मी स्वतः हात वर केला नाही, कारण माझे पाचही फाऊल पंचांनी आधीच पाहिले होते. पाहिलेल्याला हात कशाला?

२५ फेब्रुवारी

सेमी फायनल जिंकलो. कॉलेज पहिल्यांदाच फायनलला. चिमणी आता पहिल्या पाचांत. मॅडमनी सांगितलं, फायनलला समोरच्या टीमची चपळ मुलगी पूर्ण मॅच चिमणीकडे. उंच मुलगी कोपऱ्यात सापडली तर भिंत आणि चिमणी, दोघींनी मिळून तिला कोंडायचं. मला बोलावून वेगळं म्हणाल्या, हे तुझं शेवटचं वर्ष आहे म्हणून ठेवतेय. हात आवर.

त्यांना माझ्याबद्दल आदर आहे, फक्त दाखवत नाहीत.

बाबांनी फायनलसाठी रजा टाकली. इतकी वर्षं आजारपण सोडून रजा नाही. त्यांनी हात वर करण्याची गोष्ट कामावर सगळ्यांना सांगितली आहे. आता तिथे तेलाचा डबा सांडला तरी ज्याने सांडला तो हात वर करतो म्हणे. साहेबांनी विचारलं, ही कल्पना कोणाची? बाबा म्हणाले, माझ्या मुलीची, कायदा शिकतेय.

१ मार्च

नखं कापली. सकाळी अर्धा तास पाय सरकवले. आठवड्यातून एकदा झालं तरी मन लावून झालं.

उद्या एकही फाऊल नाही. फार तर दोन.

२ मार्च

हरलो. नंतर लिहीन.

३ मार्च

लिहायला हवं, म्हणून.

शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन पॉइंटनी पुढे होतो. माझे चार फाऊल. चारवर इतका वेळ टिकले, याची कोणी दखल घेतली नाही. चिमणीचेही चार. त्यातले दोन तिने हात वर केल्यामुळे, नाहीतर पंचांना कळलेही नसते. उंच मुलगी बॉल घेऊन कोपऱ्यात आली. ठरल्याप्रमाणे मी एका बाजूने, चिमणी दुसऱ्या बाजूने. ती वळली. शिट्टी.

पंच आमच्या पाठीमागे होते. त्यांना दिसला असेल तो सहा हातांचा गुंता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चिमणीकडे. त्या वेळी माझा डावा हात नेमका कुठे होता, याबद्दल मतभेद होऊ शकतात.

चिमणीने हात वर केला.

पाचवा. ती बाहेर गेली. प्रेक्षकांत बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते. तिच्यासाठी. शेजारच्याला सांगत होते, बघा, ही माझ्या मुलीची शिकवण.

उंच मुलीने दोन्ही फ्री थ्रो घातले. बरोबरी. आमचा शॉट चुकला. मग त्यांची ती चपळ मुलगी बॉल घेऊन निघाली. पूर्ण मॅच चिमणीने तिला श्वास घेऊ दिला नव्हता. आता ती माझ्यासमोर. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. उघड्या दारातून जावं तशी ती गेली.

कपडे बदलायच्या खोलीत चिमणी रडत आली. म्हणाली, ताई, सॉरी. माझ्या फाऊलमुळे गेलं. माझ्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, होतं असं. पुढच्या वेळी हात आवर.

४ मार्च

शांतपणे विचार केला. चिमणी आणि ती उंच मुलगी इतक्या जवळ होत्या की चिमणीचाही स्पर्श झाला असणारच. शिवाय निर्णय पंचांचा. शिवाय स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे आम्हाला शिकवलं आहे. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

आरोपी कोण, हे मात्र मला लिहिताना कळत होतं.

जेवताना बाबांनी विचारलं, शेवटची ती मुलगी तुझ्या समोरून गेली तेव्हा तू हात मागे का घेतलेस? मी म्हटलं, नियम. ते म्हणाले, बरोबर. आणि भावाला म्हणाले, हरली, पण शिकावं हिच्याकडून. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडात तेव्हा टाचण्या नव्हत्या.

५ मार्च

डावा हात उंच मुलीच्या कमरेवर होता. पूर्ण पंजा. लिहून टाकलं.

उद्या चिमणीला सांगायचं. मॅडमना पण. बाबांना नंतर.

६ मार्च

चिमणी लायब्ररीत होती. लायब्ररीत बोलायची बंदी आहे. नियम मोडणं योग्य वाटलं नाही.

७ मार्च

घसा बसलाय.

९ मार्च

सांगितलं. जिमबाहेर पाण्याच्या नळाशी. मोठी सुरुवात तयार केली होती, न्याय वगैरे. ती विसरले. नुसतं म्हटलं, त्या दिवशीचा फाऊल माझा होता.

चिमणी बाटली भरत होती. म्हणाली, हो ताई. मला दिसला होता तुमचा हात.

मी विचारलं, मग तू का वर केलास?

ती म्हणाली, मी थांबले होते थोडं. तुमचा होईना. पंच बघत होते. तुम्हीच म्हणाला होतात, शिट्टी वाजली की हात वर झालाच पाहिजे. म्हटलं टीममधल्या कोणाचा तरी होऊ दे.

मी म्हटलं, आणि खोलीत येऊन सॉरी का म्हणालीस?

तिने बाटलीचं झाकण लावलं. म्हणाली, वाटलं, आता तरी सांगाल.

पाणी वाहत होतं. तिनेच नळ बंद केला. मी तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला होता, तो तसाच खाली घेतला.

१० मार्च

मॅडमनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, मी समोरच्याच बाकावर होते. बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग चालू केला, आवाज मात्र नाही. उद्या त्यांना कामावर जायचंय. तिथे सगळे अजून हात वर करतात.

११ मार्च, संध्याकाळ

आज प्रॅक्टिसला मन हलकं होतं. ठरवूनच गेले होते. शनिवारच्या सरावाच्या मॅचसाठी मॅडम टीम सांगणार होत्या. माझी जागा चिमणीची आहे, हे सगळ्यांसमोर मोठ्या मनाने मान्य करायचं. कॅप्टनने स्वतः बाकावर बसायचं. अशा उदाहरणानेच टीम घडते.

मॅडमनी कागद काढला आणि म्हणाल्या, आता बाकावर कोण.

मी हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता. पहिल्यांदाच.

मॅडम म्हणाल्या, खाली घे. मी विचारत नाहीये, वाचतेय. पहिलं नाव तुझंच आहे.