समोरच्या घरचा कडू घास

बाबा, समोरच्या घरात आज चूल पेटली नाही. गुरुजींची बायको सकाळी गेली. तुमच्या सुनेनं त्यांच्यासाठी पिठलं-भात केला, डबा ओट्यावर तयार आहे. मरणाच्या घरी पहिला घास शेजाऱ्यानं न्यायचा, ही तुमचीच शिकवण. रस्ता ओलांडायचा तेवढा बाकी आहे, आणि मी इथं तुम्हाला लिहीत बसून राहिलो.

गुरुजी दुसऱ्या पक्षाचे. मागे विजय नगरच्या चौकात त्यांनी आमच्या पक्षाविरुद्ध भाषण केलं. ते चूकच होतं, कुठं चूक तेही मुद्देसूद सांगू शकतो. मी कॉलेज पाहिलं नाही, पण मोटर वाइंडिंग काय अन् राजकारण काय, स्वतः वाचून शिकलो. कोणाच्या ओंजळीनं पाणी प्यायलो नाही. पण त्या दिवसापासून आमच्याच पक्षाची पोरं त्यांच्या फाटकासमोर मोटरसायकली लावून बसतात. आत जाईल त्याचा व्हिडिओ काढतात. दूधवाला गेला, तर कॉलनीभर त्याचा फोटो फिरला, खाली लिहिलेलं: गद्दार. आता त्याचं दूध कोणी घेत नाही.

रांझीच्या क्वार्टरातला तो दिवस आठवतो. फॅक्टरीत युनियनची निवडणूक, अन् तुमच्याविरुद्ध उभ्या असलेल्या शेजाऱ्याची आई वारलेली. तुम्ही स्वतः डबा घेऊन निघता. पिठलं घट्ट, कारण पातळ सांडतं. डब्याच्या कडीला ओलं फडकं गुंडाळलेलं. तुमचेच सोबती आडवे येतात.

"काहून भाऊ, सोयरीक करून राहिले का तिकडे?"

"उद्या त्याच्या नावानं बोंबलायचंच आहे ना? मग आज जेवू दे त्याले. उपाशी माणसाशी भांडण्यात काय मजा?"

सगळे हसतात. एक जण तर बाजूला होऊन वाट देतो.

हसले, बाबा. तेच आठवून भीती वाटते. ही पोरं हसतील असं वाटत नाही.

मुलगा पडद्याआडून बघून त्याच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाला, "पापा, मत जाओ ना. कल चले जाना."

"अरे, कडू घास उद्या नेतात का?" मी खेकसलो, अन् खुर्चीतच बसून राहिलो.

तुमची सून आता डबा उचलून चपला घालून राहिली आहे. "तुमचं लिहिणं होऊ द्या," म्हणते, "मी चालली." खरं सांगू? तुम्हाला लिहावं असं काही नव्हतंच. हात कशात तरी गुंतलेला हवा होता, म्हणजे डबा उचलावा लागला नसता.

आमच्या फाटकाची कडी वाजली. ती एकटी आहे. उठतो, बाबा. पुढचं लिहीत नाही.