छाती बरी झाली, कान गेले

आई, परवा तुझ्या नातीला धाराशिवला दवाखान्यात ठेवलं. मूत्रपिंडात जंतूंची लागण आणि सणसणून ताप. डॉक्टर वयानं लहानच. इंजेक्शन भरता भरता थांबून तिनं विचारलं, "आईकडच्या नात्यात औषधानं कुणाचे कान गेलेत का?" मी म्हणाले, "माझ्या आईचे. टीबीच्या सुयांनंतर. पण घरातले म्हणायचे, सोंग करते." ती हसली नाही. "सोंग नसणार, ताई. स्ट्रेप्टोमायसिन असेल, हे त्याच गटातलं. अमिनोग्लायकोसाइड म्हणतात. जंतूंवर जबर, पण कानाच्या आतल्या पेशीही मारतं. काही घरांत आईकडून लेकरांत असा दोष उतरतो, मग थोड्या डोसानंही कान जातात. हिला दुसरं देते." हातातली सुई तिनं बाजूला ठेवली.

भूमच्या सरकारी दवाखान्यात तू रोज सुई घ्यायला जायचीस. खोकला थांबला, अंगावर मांस चढलं. त्याच दिवसांत म्हणालीस, "कानात रातकिडं वरडत्यात गं." कुणी मनावर घेतलं नाही. आजी शेजारणीला ऐकवायची, "कामाचं न्हाय ऐकू येत हिला. जेवाय ये म्हनलं की बराबर येती." तू ताटं बघून यायचीस, हे मला आत्ता कळतंय. एकदा कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या, वरण करपलं. मी ओरडले, "बहिरी झालीस का?" माझ्या तोंडाकडं बघून तू हसलीस. त्यानंतर तू कुकरसमोरच बसायचीस, शिट्टी वर उठली की एक बोट मिटत.

त्या औषधावर माझा राग नाही. त्यानंच तुला आणखी वीस वर्षं दिली. आणि तुझ्या गेलेल्या कानांनी तुझ्या नातीचे वाचवले. आज तिचा ताप उतरलाय. कॉटवरून ती नर्सबाईंशी गप्पा मारतेय, त्यांनी हळू आवाजात काही म्हटलं तरी लगेच उत्तर देतेय. तिच्या उशाशी बसून मी हे लिहितेय. पाठवणार तरी कुठं?

तुला चांगलं वाचता येत होतं. किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा तू वाचून काढायचीस. तरी एवढ्या वर्षांत पाटी घेऊन मी तुझ्यापुढं एकदाही बसले नाही. तू विचारायचीस, "काय म्हनलीस गं?" मी "काही नाही" म्हणून उठायचे. बहुतेक वेळा काहीतरी असायचंच, आई. पुन्हा सांगायचा मला कंटाळा यायचा.