जावईबापूंच्या पिकअपमध्ये ओतलेला युरिया

पारशिवनी,
शुक्रवार

चि. जावईबापू गिरिधर यांस चंपतराव भोयर यांचा मनापासून आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत आणि मी त्यांच्या समोर फारसा येत नाही म्हणून बरा आहे. तुमची तब्येत, तुमच्या आईचे गुडघे आणि मयुरा कशी आहे ते कळवावं. तिचा सातवा आता सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी हे लग्नाच्या बैठकीतच ठरलेलं आहे, तेव्हा त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. समोरची खोली रंगवून घेतली आहे एवढंच सांगतो, तेही सहज. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तुम्ही 'हो बाबा, ठीक आहे बाबा' म्हणता आणि ठेवून देता, आणि मयुरा तर उचलतच नाही. पत्र मध्येच बंद करता येत नाही. (फाडता येतं, पण तुमचा स्वभाव तसा नाही.)

तुमच्या पिकअपचं जे झालं ते माझ्या मनाला फार लागून राहिलं आहे. पण ते नेमकं कसं झालं हे तुम्हाला माझ्या तोंडून पहिल्यापासून कोणी ऐकूच दिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. धोंड्याच्या महिन्यात तुम्ही मयुराला घेऊन वाण घ्यायला आलात, धोंडे खाल्ले, वर अनारसे खाल्ले आणि आतल्या खोलीत आडवे झालात. (तुम्ही फार खाल्लं असं मी म्हणत नाही. आग्रह माझाच होता.) मी बाहेर बाजेवर बसलो होतो, तर तुमच्या गाडीची काच उघडी आणि शेजारच्या कोंबड्या आत सीटवर जाऊन बसलेल्या. कोंबड्या हाकलल्या, पण काच चावीशिवाय वर जाईना. खुंटीवरून चावी आणली, फिरवली, तर समोर एकदम कितीतरी दिवे लागले. काही लगेच विझले. एक पिवळा, इंजिनच्या आकाराचा, तो मात्र काही केल्या जाईना.

आता अशा वेळी शहाण्या माणसानं जावयाला उठवून विचारलं असतं, असं सगळेच म्हणतात. पण धोंड्याच्या महिन्यात जेवून झोपलेल्या जावयाला उठवणं आमच्या घराण्यात कधी झालेलं नाही. माझे सासरे वारले त्या वर्षीसुद्धा मला कोणी उठवलं नव्हतं. तेव्हा मी मनोहररावांना हाक मारली. (हे आमचे शेजारी, कोंबड्यांचे मालक. मागं काही वर्षं त्यांचा ट्रक होता, त्यामुळे गाडी या विषयात गावात त्यांचंच चालतं.) त्यांनी खिडकीतून डोकं घालून दिवा पाहिला आणि म्हणाले, "पिवळा दिवा म्हणजे युरिया संपला समजा, चंपतभाऊ. आता डिझेलच्या गाड्यायले तेही पाजा लागते." मग त्यांनी मला डिझेलच्या झाकणाशेजारचं निळं झाकण दाखवलं. मागं हौद्यात तुमची रिकामी बादली पडली होती, तिच्यावरचा कागद मी चष्मा लावून वाचला. युरिया आणि शुद्ध पाणी, बाकी काही नाही. वर त्याची किंमत लिहिली होती. ती वाचून मला खरोखर तुमची दया आली. सासऱ्याच्या ओसरीत कपाशीसाठी आणलेली युरियाची गोणी उभी आहे आणि जावई तीच वस्तू पाण्यात कालवलेली पंपावरून विकत घेतो, हे मला पाहवलं नाही. शिवाय त्या महिन्यात जावयाला दिलेलं दान सार्थकी लागतं. ताट दिलं, कपडे दिले, मग गाडीचं पोट तेवढं रिकामं कशाला पाठवायचं, असा माझा विचार होता.

तुमच्या सासूबाईंनी ओट्यावरून एकदा सांगितलं, "जावयाच्या गाडीले हात नका लावू जी." हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण तोवर मी कामाला लागलो होतो. पाणी ग्रामपंचायतीच्या फिल्टरचं आणलं. माप बादलीवर लिहिलं होतं तसंच घेतलं. युरिया विरघळताना बादली बाहेरून गारेगार होते, ती पाहून मनोहरराव म्हणाले की माल अस्सल आहे. नंतर ते पाणी जुन्या लुगड्याच्या धडप्यातून गाळलं, आणि मनोहररावांना त्यात काहीतरी तरंगताना दिसलं म्हणून पुन्हा गाळलं. मयुराच्या औषधाचा काढासुद्धा या घरात इतक्या निगुतीनं कधी झाला नसेल. निळं झाकण घट्ट लावलं, गाडी पुसली, आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण गुप्तदानाचं पुण्य जास्त.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कन्हानच्या पुलाच्या अलीकडे दिवा लागला तो विझलाच नाही, गाडी बैलगाडीच्या चालीनं चालू लागली आणि मग उभीच राहिली. तुम्ही दुसरी गाडी मिळेपर्यंत मयुराला चहाच्या टपरीवर बसवलं. त्या उन्हात, त्या अवस्थेत. तिनं तिथून आईला फोन केला आणि सासूबाईंनी तिला युरियाचं सांगून टाकलं, तेव्हा मी जेवत होतो. तेव्हापासून ताटावर बसलो की मला ती टपरीच दिसते. गाडीचं मी एक वेळ विसरेन, हे विसरता येत नाही.

मग नागपूरजवळच्या वाडीतल्या सर्व्हिस सेंटरचं. तुम्ही मला बोलावलं नव्हतं, हे खरं. पण गाडी वॉरंटीत आहे आणि सुपरवायझर कागद पुढं पाठवतो आहे असं कानावर आल्यावर मला वाटलं, चार वडीलधारे शब्द बोलले तर काम लवकर होईल. म्हणून चिवड्याचा डबा घेऊन मी बसनं आलो. सुपरवायझर अनंत हा पोरगा बोलायला चांगला होता. तुम्ही त्याला मोघम सांगितलं होतं की बादली रस्त्यावरच्या पंपावरून घेतली होती, आणि तो म्हणत होता की असं होतं कधीकधी, आपण सेन्सरचा दोष लिहू, कंपनी बघून घेईल. तुम्ही माझ्याकडे पाहून डोळ्यांनी काहीतरी सांगत होतात. मला वाटलं, चिवडा पुढं करा म्हणताय. तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "काय घाणेरडा भेसळीचा माल टाकतात साले हे लोक टाकीत." जावईबापू, खरं सांगतो, मी गप्प बसणारच होतो. पण मी दोनदा गाळलेल्या पाण्याला तो घाणेरडं म्हणाला. मी उठून त्याला सगळं सांगितलं. फिल्टरचं पाणी, लुगडं, माप, सगळं, आणि गोणी नवीन होती हेही. तो ऐकत राहिला आणि मग त्यानं हातातला पेन खाली ठेवला. सरकार युरियाला निंबोळीचं तेल लावून देतं, पिकाला ते मानवतं, गाडीच्या नळ्यांना मानवत नाही, हे मला तिथं कळलं. टाकी, पंप, फवारा, सायलेन्सरच्या आतलं काय ते, सगळं बदलायचं आणि वॉरंटीत काहीच नाही. सव्वा लाखाच्या घरात जाणार म्हणाला. आणि जाता जाता त्यानं मला हेही सांगितलं की नुसती चावी फिरवली आणि इंजिन सुरू केलं नाही, तर तो पिवळा दिवा प्रत्येक गाडीत लागतोच. म्हणजे गाडीला काहीही झालेलं नव्हतं. हे त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

तुम्ही मला बाहेर चहा पाजला, बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली, तिकीटही तुम्हीच काढलं. तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या तर मी रात्री झोपलो असतो. तुमच्या पिकअपला लागलेलं वाडीच्या गोदामाचं काम आता दुसऱ्या गाडीला गेलं असंही ऐकलं. या सगळ्या प्रकाराबद्दल मला अतिशय वाईट वाटतं, कंपनीबद्दल वाईट वाटतं, निंबोळीबद्दलही वाटतं. मनोहररावांशी मी बोलणं सोडलं आहे.

आईंना नमस्कार. मयुराला अनेक आशीर्वाद.

तुमचा सासरा,
चंपतराव

ता.क. सोबत लिंबाचं लोणचं पाठवलं आहे. ते सासूबाईंनी घातलं आहे, मी जवळही गेलो नव्हतो.

ता.क. दुसरं. बाळंतपणाबद्दल लिहिणार नव्हतो, पण पान उरलं आहे. तुम्ही रागानं मयुराला नागपुरातच ठेवून घेणार आहात असं इथं बोलतात. तसं करू नका. गाडीच्या बिलासाठी मी यंदाची कपाशी विकून देईन, पण पोरीला पाठवा. घ्यायला मी बसनं येईन. रंगवलेल्या खोलीत मी रोज जाऊन बसतो, दुसरं काम सुचत नाही.

ता.क. तिसरं. पाकीट बंद करण्याआधी सासूबाईंनी पत्र वाचायला मागितलं. वाचून म्हणाल्या, "जावई कायले ठेवून घेते? ते तर रोज म्हनते, जा म्हनून. पोरगीच येत नाही. बाबा एकदा चुकलं म्हनतील तवाच येईन म्हनते. अन् तुम्ही एवढी पानं लिहून राहिले, त्यात हे कुठं हाय, दाखवा." मी सगळं पत्र पुन्हा वाचून काढलं. कुठंच नाही. तेव्हा जावईबापू, ही एवढी ओळ मयुराला वाचून दाखवा, वरचं काही दाखवलं नाही तरी चालेल. माय, माझं चुकलं. घरी ये.