मिरवणुकीत पुढं कोण नाचणार

अकोला, शनिवार संध्याकाळ

वर्गात कविता म्हणताना पोरं बाक वाजवायची, तो ताल आज सारखा कानात आहे. सर्वांत जोरात वाजवायची माझी विद्यार्थिनी सुजाता. आता ती वऱ्हाडातली पहिली बाई डीजे. उद्या जयंतीच्या मिरवणुकीत बाया नाचणार असतील तरच वाजवीन, असं तिनं मंडळाला कळवलंय.

दुपारी अध्यक्ष येऊन गेला. "सर, पोरीले आवरा. नाई तं पोट्टे साउंडची गाडी फोडतीन."

आवरू? बाक वाजवला म्हणून तिच्या हातावर छडी मारली होती मी. त्याच हाताला आज पुन्हा... फोन घेऊन बसलोय, लावत नाही.

एवढ्यात दार वाजलं. अध्यक्षाची म्हातारी आई!

"मास्तर, पोरीले सांगा, मांगं हटू नको. उद्या सगळ्याइच्या पुढं मी नाचीन."