फुटबॉलला मुराळी

॥ श्री ॥
धुळे, नागपंचमी, सन १९३८

चि. रुपचंद यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इथे बठ्ठं बरं शे. तिकडचं तू कळवत नाहीस. माझी दोन पत्रं झाली, तुझं एक नाही. जळगावात शाई मिळत नाही का?

आता नीट वाच. चिंधाच्या रेल्वे कारखान्याच्या टीमला मुंबईच्या मोठ्या ढालीच्या सामन्यांत घेतलं. रंगूनची टीम येणार, सिलोनची येणार, गोऱ्यांच्या पलटणी तर आहेतच. त्यांच्यासमोर आपला चिंधा! पुढे धावणाऱ्या पाचांत त्याचं नाव आहे. फुटबॉल काय असतो ते आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नाही. पुना शिंपी म्हणाला, बॉलला हात लावायचा नाही, डोकं लावलं तर चालतं. म्हटलं, मग पोरगा जिंकलाच. शाळेत वापरलं नाही ते सगळं शिल्लक आहे.

दोन लेकरं गेल्यावर हा तरी टिकावा, म्हणून चिंधा नाव ठेवलं. चार वर्षं खेळतोय, आणि आईनं त्याला एकदा पळताना पाहिलं नाही. या वेळी मी जाणार. तुझे दाजी म्हणतात, या घरची रीत आहे, माहेरचा मुराळी न्यायला आला तरच सुनेनं लांबच्या गावाला निघायचं. केस पिकले माझे, तरी मी अजून सूनच. बरं, मुराळी पाहिजे ना, मग तू ये. पोळ्याआधीच्या शनिवारी सामना आहे. तू बुधवारी इथे हजर पाहिजेस.

माझ्या भावजयीला, पुष्पाला, आशीर्वाद सांग. माया आहे तेवढी ठेव, उशीर तेवढा करू नको.

तुझी धुरपदाअक्का

॥ श्री ॥
जळगाव, श्रावण शु. ९

ती. स्व. धुरपदाअक्का हिचे चरणी रुपचंदचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. चिंधाची बातमी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली, गिऱ्हाइकांना पेढे वाटले. पण अक्का, मुराळी वैशाखात आखाजीच्या सणाला येतो. श्रावणात, तोही बॉल बघायला, कोणाचा मुराळी गेल्याचं इकडे कोणी ऐकलं नाही. लोक हसतील. शिवाय पोळा तोंडावर आला. झुली, गोंडे, घुंगरमाळा, माझा सगळा धंदा याच दिवसांतला. मी उठलो की गिऱ्हाईक समोरच्या चुडामणकडे गेलंच म्हणून समज.

रागावू नको. चिंधा टीमचा फोटो पाठवील, तो आपण काचेत लावू. मी नकार लिहितोय म्हणून पुष्पा सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. तिला काय, ती भुसावळच्या पुढे कधी गेली नाही, तिला कुठेही जायला आवडेल.

धाकट्यावरचा जीव कमी होऊ नये.

तुझा रुपचंद

॥ श्री ॥
धुळे, श्रावण शु. १२

रा. रा. रुपचंद यांसी सप्रेम नमस्कार. वि. वि. हे पत्र तुमच्या बहिणीला न सांगता लिहीत आहे. तुम्ही नकार कळवलात, फार बरे केलेत. आता तिच्या तोंडाला भिऊन मन बदलू नका.

मला रीतीचे एवढे नाही. चिंधा अनवाणी खेळतो आणि समोर सोल्जरांचे बूट. गेल्या साली त्याची नडगी फुटली, तर नुसते पत्र वाचून हिने जेवण सोडले. डोळ्यांदेखत पडला तर ही मैदानात उतरेल आणि गोऱ्याचा कान धरेल. पोराची नोकरी जाईल. तुम्ही मुराळी म्हणून येणार नाही, एवढा शब्द मला द्या.

आपल्या घरोब्यात या कारणाने उणे येऊ नये.

आपला दाजी नाना

॥ श्री ॥
धुळे, राखीपौर्णिमा

रुपचंद यास आशीर्वाद. या खेपेला वि. वि. नाही, कारण मी विनंती करत नाही. सोबत राखी आहे. न्यायला येणार असशील तर बांध, नाहीतर घुंगरमाळेत ओवून वीक.

लोक हसतील म्हणतोस! दोन आखाजी तू मुराळी पाठवला नाहीस, तेव्हा लोक हसले ते मी ऐकलं. माझी तयारी झाली. ज्वारीचे बिबडे तळून डबा भरला, ठेचा कुटला, कळण्याच्या भाकऱ्या निघायच्या दिवशी थापीन. कुस्तीच्या फडात जिंकणाऱ्याला बांधतात तसा जरीचा फेटाही घेतला. आता पुना सांगतो, टीममध्ये अकरा जण असतात. मेल्यानं आधी सांगायचं! आता दहा जण नुसते बघतील.

पोराला लागेल याची मला भीती नाही का? आहे. पण घरी बसून मला तो नुसता पडलेलाच दिसतो. तिथे गेले तर उठलेलाही दिसेल. फोटो काचेत लावायला माझा चिंधा काही देवाघरी गेलेला नाही.

यायचं तर ये. मग माया, लोभ, सगळं आहेच.

अक्का

॥ श्री ॥
जळगाव, श्रावण व. ६

ती. नाना यांचे सेवेशी रुपचंदचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आपल्याला शब्द दिला होता की मी मुराळी म्हणून येणार नाही. तो पाळला आहे. मी दुकानातच आहे. मात्र उद्या पारोळ्यावरून येणाऱ्या मोटारीनं पुष्पा आपल्याकडे पोचेल. ती अक्काच्या माहेरची आहे आणि न्यायला येत आहे, तेव्हा रीतीत काही कमी नाही. बाई मुराळी चालते का, हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कोणी नाही म्हणालं नाही. एवढंच म्हणाले, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

माझा इलाज चालला नाही. राखी हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, बांधू की विकू. अक्काला आवरायचं काम तिनं पत्करलं आहे. ती मला आवरते, तेव्हा कोणालाही आवरेल.

क्षमा असावी आणि दार उघडं असावं.

आपला रुपचंद

॥ श्री ॥
मुंबई, श्रावण व. ११, रविवार

चि. रुपचंद यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहितेय ते नशीब समज, कारण तोंडानं सांगायला आवाज उरला नाही. काल सगळा ओरडण्यात गेला.

पुष्पाला दारात बघून तुझे दाजी म्हणाले, बाईमाणूस मुराळी? ती म्हणाली, मिशी लागते असं कोणी कळवलं नव्हतं. मग आमचं गाठोडं स्वतः उचलून स्टेशनापर्यंत आले.

आम्ही कुंपणाला चिकटून उभ्या होतो. पायात चिखल, डोक्यावर झिमझिम, मागे हजारो माणसं. समोर गोऱ्यांची पलटण. रुपचंद, तो पळतो रे! घरी पाणी आणायला उठत नव्हता तो हा, आणि असा पळतो की मागचा सोल्जर धापा टाकत राहतो. एकदा बुटाखाली आला, लोळला. मी निघालेच होते, पुष्पीनं पदर गच्च धरला. तो सोडवेपर्यंत पोरगा उठून पार पलीकडे गेला होता. दुसऱ्यांदा पडला तेव्हा मी जागची हलले नाही, नुसत्या शिव्या दिल्या. त्यानं बॉल दिला आणि सत्तार नावाच्या त्याच्या जोडीदारानं गोल मारला. फेटा घेऊन आत निघाले तर शिपाई सोडेना. जाऊ दे. चिंधाच कुंपणापाशी आला. चिखलानं भरला होता, मला वाकून म्हणाला, आई, तू कशी आलीस? मी कुंपणावरूनच फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला.

एक गोल त्यांचा, एक आपला. मी म्हटलं, मग जिंकलं कोण? कोणीच नाही. बुधवारी पुन्हा खेळायचं. तेव्हा आम्ही दोघी थांबतोय, तू पोळ्याचं तुझं तू बघ. दाजींना तूच तार कर, मी केली तर विचारल्यासारखं होईल. लिही की पोळ्याचे बैल गडी सजवील, दाजी मंगळवारच्या गाडीत बसले तर बुधवारी पोचतात. कुंपणापाशी मी जागा धरून ठेवते.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो बुधवारनंतर सवडीनं लिहीन.

तुझी धुरपदाअक्का