लाल ड्रॅगनची मोहीम

६ सप्टेंबर
आजपासून लढाईचा खेळ. गॅरेजमधल्या टेबलावर डोंगर, नदी, दोन फौजा. ल्युबिशाकडे कुऱ्हाडवाले बुटके, माझ्याकडे राक्षस आणि एक लाल ड्रॅगन. बोटाएवढा, पण अस्सल धातूचा. रंग मी स्वतः दिला. ल्युबिशा म्हणाला, आधी नियमांचं पुस्तक वाचू. मी म्हटलं, पोहायला पाणी लागतं, पुस्तक नव्हे. नववर्षापर्यंत अख्ख्या लेस्कोवात्समध्ये माझ्या तोडीचा सेनापती नसेल.
संकल्प: रोज अर्धा तास रणनीतीचं चिंतन.

७ सप्टेंबर
हरलो. चिंतन राहून गेलं होतं.

१३ सप्टेंबर
हरलो. कारण तांत्रिक. ड्रॅगन दर डावाला उडतो, असं मी धरून चाललो होतो. पुस्तक म्हणतं, एकदा उडाला की पुढचा डाव त्याने बसून राहायचं. बसल्या जागी तीन बुटक्यांनी त्याला मारला. नियम कुणा कारकुनाने केलेला दिसतो.
ल्युबिशा पुस्तक घरी नेऊन वाचतो, हेही कळलं. मित्राशी खेळायला अभ्यास करून येणं शोभत नाही. बोललो नाही. माझ्या लग्नाचा साक्षीदार तो. आमच्यात हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं.

२० सप्टेंबर
नियमातच सुधारणा सुचवली: मेलेले सैनिक एक डाव विश्रांती घेऊन परत येतील. ल्युबिशा म्हणाला, चालेल, पण दोघांचेही. त्याचे बुटके मेले की जेवून आल्यासारखे ताजेतवाने परत. मारून मारून माझंच मनगट धरलं. हरलो.
सुधारणा रद्द.

२७ सप्टेंबर
आज गॅरेजमध्ये आयवार, म्हणजे भाजल्या मिरच्यांची चटणी. बायकोने, गोर्दानाने, हिवाळ्यासाठी पोतंभर लाल मिरच्या भाजल्या, ल्युबिशाने सोलल्या. कढई ढवळायचं काम मी घेतलं, ते जबाबदारीचं. थांबलं की करपतं. एका हातात ढवळणं, दुसऱ्यात ड्रॅगन, डोक्यात दुपारची चाल. बायको म्हणाली, ते खेळणं ठेव आधी. ठेवलं. कढईच्या काठावरच, नजरेसमोर राहावं म्हणून. अशी बिनतोड चाल सुचली की हसू आवरेना.
जेवून आलो तर गोर्दानाने बरण्या भरून झाकणंसुद्धा लावलेली, आणि ड्रॅगन गायब.

२८ सप्टेंबर
टेबल, खिसे, कुत्र्याचं तोंड, सगळं तपासलं. गॅरेजमध्ये माणसं तीन. गोर्दानाला ड्रॅगनमध्ये रस नाही. मी तर फिर्यादी. उरला कोण? ल्युबिशाला अगदी शांतपणे विचारलं. तो म्हणाला, "मिलुटिन, तुला हरवायला मला चोरी कशाला करावी लागेल?"
बुटके डब्यात भरले आणि गेला. चोराच्या उलट्या बोंबा.

११ ऑक्टोबर
बुटक्यांच्या जागी बटणं मांडून एकटाच खेळलो, दोन्ही बाजूंनी. बटणं जिंकली.

२ नोव्हेंबर
गोर्दाना म्हणते, फोन कर. पहिला फोन गुन्हेगाराने करायचा असतो. गॅरेजमध्ये करमत नाही. थंडीमुळे असेल.

१८ डिसेंबर
उद्या आमच्या कुळाच्या संताचा दिवस, निकोलाचा. या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. येईल तो येईल, आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही. म्हणजे ल्युबिशाला बोलावण्याचा प्रश्नच मिटला. येणार नाहीच तो. आलाच तर थंडपणे वागायचं, ठरलं.
त्याची खुर्ची पुसून ठेवली. सगळ्याच पुसत होतो.

१९ डिसेंबर
आला. दारात म्हणाला, संताकडे आलोय, तुझ्याकडे नाही. बरं वाटलं. फारच बरं वाटलं. थंडपणा उद्यापासून.
पंगत उपवासाची: मासे, घेवडा, आयवार. गोर्दानाने नवी बरणी उघडली, पहिला मान त्याला. त्याने पावावर आयवार घेतलं आणि थांबला. काट्याने काहीतरी बाजूला काढून रुमालाने पुसू लागला. आधी शेपूट दिसली, मग पंख. मी टेबलक्लॉथवरची नक्षी बघत होतो.
ल्युबिशाने विचारलं, "गोर्दाना, हा उपवासाला चालतो का?"
पाहुण्यांचं हसणं ओसरायला वेळ लागला. मी खुलासा करायला उठलो. मिरची, धातू, काठाचा उतार, सगळे मुद्दे तयार होते. ल्युबिशाने ड्रॅगन माझ्या ताटाशेजारी ठेवला.
"उडून झालं ना? आता एक डाव बसून राहा."
नियमच आहे. बसलो.