पंधरा ऑगस्टची मिस्सा

वेल्हे,
२ ऑगस्ट २०२५

ती. सिस्टर आत्यास सुवार्ताचा सा. न. वि. वि.

तुमच्या कॉन्व्हेंटात मोबाईल कपाटात असतो, नाहीतर माझं अक्षर वाचायची शिक्षा तुला दिली नसती.

आई नर्स म्हणून लस द्यायला वरच्या धनगरवस्तीवर जाते ना, तिथल्या वैष्णवीच्या वहिनीला मागच्या महिन्यात कळा सुरू झाल्या. रस्ता नाही. घोंगडीची झोळी करून चिखलातून तिला खाली आणत होते, वाटेतच बाळंत झाली. बाळ गेलं. वैष्णवी माझी कॉलेजातली मैत्रीण. त्याबद्दल बोलायला गेली की तिला रडूच फुटतं, म्हणून पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी रस्ता मागायचं ठरवलंय. मतदार यादीत माझं नाव आलंय आता!

पप्पा नको म्हणतात. त्या दिवशी मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण, मिस्सा चुकवणं पाप, पुण्याला चर्चला जायचंच. पण आत्या, मला वाटतं ते घाबरलेत. गावात आपलं एकच ख्रिस्ती घर, आपण कशाला पुढं व्हायचं, असंही पुटपुटले. मिस्सा मलाही हवी आहे. पण एकीसाठी दुसरी सोडायची, असं कुणी ठरवलं? तूच सांग.

तुझी, प्रार्थनेत आणि फराळाच्या डब्यात आठवण ठेवशील अशी आशा करणारी,
सुवार्ता

संगमनेर,
७ ऑगस्ट २०२५

चि. सुवार्तास अ. आ.

तुझ्या अक्षरानं माझ्या चष्म्याचा नंबर वाढणार.

सणाची मिस्सा आदल्या संध्याकाळीही होते आणि ती चालते. चौदाला पुण्याला जा, सकाळच्या एसटीनं परत ये. पापाचा प्रश्न मिटला. तुझ्या पप्पाला आता दुसरं कारण शोधावं लागेल.

सणाच्या दिवसाचं शुभवर्तमान मात्र वाचून जा. अवघडलेल्या अलीशिबेला भेटायला मारिया डोंगराळ मुलखात घाईनं जाते. इतकी वर्षं ऐकत आले, पण तुझं पत्र वाचल्यावर ती वाट पहिल्यांदा डोळ्यापुढं उभी राहिली.

तुझ्या पप्पावर, बर्नाडवर, चिडू नकोस. सगळं गाव त्याच्याकडे कपडे शिवायला येतं. परक्या गावात एकेक माणूस जोडलाय त्यानं, ती माणसं तुटतील ही भीती खोटी नाही. सभेत गावची लेक म्हणून बोल.

सभेचं सगळं कळव. आहे ती माया अशीच राहू दे.
तुझी आत्या

वेल्हे,
१६ ऑगस्ट २०२५

ती. ताईस बर्नाडचा सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे चौदालाच मिस्सा ऐकली. काल ग्रामसभेत मी दाराशीच उभा राहिलो, वेळ आलीच तर पोरीला घेऊन निघता यावं म्हणून.

सरपंचांनी बोलायला सांगितलं तशी ती उठली, आणि सवयीनं आधी क्रूसाची खूण केली. परीक्षेला बसताना करते तशी. कुणीतरी हसलं. एकानं विचारलं, ही कुणाची, आणि हिचा वस्तीशी काय संबंध? पोर खाली बसायला लागली.

ताई, मला स्वतःची फार लाज वाटली. मी पुढं गेलो, सगळ्यांदेखत क्रूसाची खूण केली आणि म्हणालो की ही माझी लेक हाय, हितंच जन्मली, तिचं बोलणं पुरं होऊ द्या.

मग तिनं सगळं सांगितलं, बाळाचंही. वैष्णवीची आजी फुलाबाई उठून उभी राहिली, तिच्यामागं वस्तीवरच्या बाया. रस्त्याचा ठराव झाला. आता खरंच रस्ता होईतो पोर काही मला स्वस्थ बसू देणार नाही. हसला होता तो आज सकाळी पँट आखूड करायला आला. केली.

काल संध्याकाळी घरी जपमाळ केली. वैष्णवीही बसली होती. दर पंधरा ऑगस्टला आपण देशासाठी प्रार्थना करतो, तशी झाली. मग सुवार्तानं त्या बाळासाठी प्रार्थना मागितली. त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, म्हणून ती आपल्या गावचं बाळ एवढंच म्हणाली. आमेन माझ्याआधी वैष्णवी म्हणाली.

डिसेंबरात ये. तोवर या भित्र्या भावावर लोभ असू दे.
तुझा,
बर्नाड